नबाती चांदी: कस आणि कुळी

इसवी सनापूर्वी ५८ मध्ये रोमच्या टांकसाळीतून चांदीचा एक देनारियस निघाला. त्याच्या एका बाजूला उंटाशेजारी गुडघे टेकलेला राजा आहे. एका हातात उंटाचा लगाम, दुसऱ्या हाताने पुढे केलेली ऑलिव्हची फांदी आणि खाली लॅटिन अक्षरांत त्याचे नाव, राजा अरेतस. हे नाणे काढणाऱ्या दोघा अधिकाऱ्यांपैकी मार्कस स्काउरस चारच वर्षांपूर्वी फौज घेऊन या अरेतसच्या नबाती मुलखावर चालून गेला होता. प्रत्यक्षात त्या मोहिमेत फौजेची रसद तुटली आणि राजधानी पेट्रा काही हाती लागली नाही. शेवटी मध्यस्थी झाली, अरेतसने तीनशे टॅलंट चांदी मोजली आणि फौज माघारी गेली. राजाने पैसे देऊन बला टाळली होती, पण रोमच्या नाण्यावर तो कायमचा गुडघ्यांवर आला.

नाणे खोटे बोलत नाही, असे नाणी जमवणारी मंडळी मोठ्या विश्वासाने सांगतात. स्काउरसचे नाणे अस्सल चांदीचे आहे आणि तरीही ते धडधडीत फुशारकी मारते. नबाती लोकांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे असेच परक्यांच्या तोंडचे आहे. दिओदोरस आणि स्ट्राबो हे ग्रीक, जोसेफस यहुदी. नबाती माणसाने लिहिलेला नबातींचा इतिहास एकही उरलेला नाही. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो कातळावरच्या लेखांतून, मूठभर पपायरसांतून आणि त्यांनी पाडलेल्या नाण्यांतून. म्हणूनच या राज्याच्या चांदीच्या नाण्यांचे मोल धातूच्या भावात किंवा दुर्मिळतेच्या भावात मोजून चालत नाही. ते नाणे कुठून निघाले, कोणाच्या हातातून आले, ही त्याची कुळी कळली तरच त्याची साक्ष पुरी होते. ती पुसली, की उरतो तो एक देखणा, पण अर्धामुका तुकडा. या नाण्यांच्या वाढत्या हौसेकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

हे लोक मूळचे वाळवंटातले अरब. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये अलेक्झांडरचा जुना सेनापती अँटिगोनस याच्या सैन्याने त्यांच्या डोंगरी ठाण्यावर अचानक छापा घातला, तेव्हा लुटीत धूप आणि बोळाबरोबर सुमारे पाचशे टॅलंट चांदी मिळाली, असे दिओदोरस नोंदवतो. परतताना नबातींनी त्या फौजेला गाठून कापून काढले, हेही तो सांगतो. त्याच्या वर्णनातले नबाती घरे बांधत नाहीत, धान्य पेरत नाहीत, दारू पीत नाहीत. चांदी मात्र तेव्हाही त्यांच्यापाशी होती, कारण दक्षिण अरबस्तानातला धूप भूमध्य समुद्राकाठच्या गाझापर्यंत पोहोचवणारे तांडे त्यांचे होते. पुढे तीन शतकांनी स्ट्राबोने वर्णिलेले नबाती दगडी घरांत राहतात, मेजवान्या झोडतात. आणि ज्याची मालमत्ता घटली त्याला दंड, ज्याची वाढली त्याला मान, असा त्यांचा रिवाज आहे. तंबूतून पेट्राच्या कोरीव दर्शनी भिंतींपर्यंतचा हा प्रवास त्यांच्या नाण्यांतही उमटलेला आहे.

इसवी सनापूर्वी ८४ च्या सुमारास तिसऱ्या अरेतसने दमास्कस घेतले. तिथे त्याने पाडलेल्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत आणि राजाने स्वतःला ग्रीकांचा चाहता म्हणवून घेतले आहे. शहर ग्रीक वळणाचे, तेव्हा नाणेही त्याच वळणाचे. पुढच्या राजांनी मात्र नाण्यांवर आपली लिपी आणली. अरमाइक भाषा, नबाती वळणाची अक्षरे आणि राजाचे नाव त्याच्या लोकांच्या नावासकट. याच लिपीच्या उत्तरकालीन वळणांतून पुढे अरबी लिपी घडली. आज कुराणाच्या पानावर दिसणाऱ्या अक्षरांचे पूर्वज पेट्राच्या चांदीवर आहेत, हे लक्षात घेतले की त्या नाण्याकडे पाहण्याची नजर बदलते.

चौथ्या अरेतसचे एखादे नाणे जवळून पाहावे. आपल्या आजच्या रुपयाहून लहान, साधारण दीड सेंटिमीटर रुंद. वजन चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. दर्शनी बाजूला राजाचा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट, मानेवर रुळणारे लांब केस. भोवती मजकूर: हारिथत, नबातूचा राजा, आपल्या लोकांवर प्रेम करणारा. अरेतस हे त्याच हारिथतचे ग्रीक रूप. रोमशी दोस्ती मिरवण्याच्या त्या काळात शेजारचे राजे सीझरचा मित्र म्हणवून घेण्यात धन्यता मानत होते. या राजाने आपल्या लोकांचे नाव घेतले. मागच्या बाजूला राणी असते: आधीच्या वर्षांत हुल्दू, नंतरच्या वर्षांत शकीलत. ती नुसती शोभेला नाही. तिचे नाव आहे, नबातूची राणी हा किताब आहे आणि पुष्कळदा राज्यवर्षही आहे. काही नाण्यांवर राजा-राणीचे मुखडे एकामागे एक, जोडीने येतात. दुसऱ्या मालिकसच्या नाण्यांवर दुसरी शकीलत येते. त्याचा मुलगा राब्बेल गादीवर आला तेव्हा लहान होता, म्हणून त्याच्या पहिल्या काही वर्षांच्या नाण्यांवर राजाची आई ही शकीलतच राणी म्हणून आहे. मग त्याच्या बायकोचे, गमीलतचे नाव लागते. राज्यकारभाराची सूत्रे कोणाच्या हाती होती हे सांगणारा असा रोखठोक पुरावा जोसेफसच्या जाडजूड ग्रंथातही मिळत नाही.

राज्यवर्षाचे आकडे हा या नाण्यांचा आणखी एक मोठा गुण. एकासाठी उभी रेघ, चारासाठी फुलीसारखी खूण, दहा आणि वीस यांना वेगळी चिन्हे आणि वाचायचे उजवीकडून डावीकडे. पण ठसा हाताने मारलेला असल्यामुळे तो मधोमध बसेलच असे नाही. अनेकदा नेमके वर्षच कडेच्या बाहेर गेलेले असते. म्हणून एकाच ठशाने पाडलेली चार नाणी शेजारी ठेवून, एकावर पुसलेले दुसऱ्यावरून भरून काढत मजकूर पुरा करावा लागतो. एकट्या नाण्याने जे सांगता येत नाही ते नाण्यांच्या समूहाने सांगता येते, हा नाणकशास्त्राचा पहिला धडा इथे गिरवायला मिळतो.

हा धडा किती दूरवर पोहोचतो, याचे उदाहरण ओबोदस नावाच्या राजांचे. जेरुसलेमचे नाणकशास्त्रज्ञ याकोव मेशोरेर यांचा नबाती नाण्यांवरचा ग्रंथ १९७५ मध्ये निघाला आणि पुढे कित्येक वर्षे तोच संग्राहकांचा आधार होता. त्यात त्यांनी इसवी सनापूर्वी ६२ च्या सुमारास दोन-तीन वर्षे राज्य केलेला एक ओबोदस मानला, तो मुख्यतः नाण्यांच्या आधारावर. ही नाणी वजनाला जड आणि त्यांच्या मागे इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या नाण्यांवर असतो तसा गरुड. नंतरच्या काही अभ्यासकांनी ही नाणी इसवी सनापूर्वी ३० मध्ये गादीवर आलेल्या ओबोदसच्या पहिल्या वर्षांची ठरवली. त्यामुळे एकाच राजाला एका पुस्तकात दुसरा आणि दुसऱ्या पुस्तकात तिसरा ओबोदस म्हणतात. लिलावाच्या याद्यांतही हा घोळ जसाच्या तसा उतरतो. एक अख्खा राजा होता की नव्हता, हे अशा मूठभर चांदीच्या तुकड्यांवर ठरते. असा वाद मिटवायला एकच पुरावा पुरतो: ती नाणी कोणत्या थरात, इतर कोणत्या नाण्यांच्या संगतीने सापडली. नेमकी हीच माहिती चोरट्या खोदकामात पहिल्यांदा नष्ट होते.

आता कसाकडे येऊ. नबाती चांदी सुरुवातीला उत्तम कसाची होती. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने या नाण्यांची तपासणी करून कार्ल श्मिट-कोर्टे आणि मायकेल कॉवेल यांनी १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओबोदसच्या काळात नव्वद टक्क्यांच्या वर असलेली चांदी चौथ्या अरेतसच्या प्रदीर्घ कारकिर्दीत पायरी-पायरीने उतरत गेली आणि पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात नाणी निम्म्याहून कमी चांदीची, सरळसरळ हिणकस झाली. वजनही घटले. राब्बेलचे नाणे साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते.

इथे एक गोष्ट संग्राहकाने समजून घ्यायला हवी. हिणकस नाणे दोन हजार वर्षे मातीत पडले की पृष्ठभागातले तांबे झिजून जाते आणि वर चांदीचा पातळ, चकचकीत थर उरतो. नाणे दिसते त्यापेक्षा आत गरीब असते. म्हणून नुसता पृष्ठभाग तपासून काढलेला आकडा फसवा ठरू शकतो; खरा कस पाहायचा तर कडेला बारीकशी जागा घासून आतला धातू उघडा करावा लागतो. आणि म्हणूनच अशी नाणी आम्लात बुडवून चकाचक करणे हा अडाणीपणा आहे. तांबे आधीच गेलेले असते, धातू आतून सच्छिद्र झालेला असतो. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी लकाकी आणायच्या नादात अक्षरे जातात, ती जातातच.

कस का उतरला? स्ट्राबोच्या काळात लाल समुद्रावरच्या ल्यूके कोमे बंदरातून पेट्राकडे तांडे जात होते. पण बराचसा माल आता मायोस होर्मोसला उतरून नाइल नदीने अलेक्झांड्रियाला जातो, असे तोच सांगतो. मोसमी वाऱ्यांवर भरवसा ठेवून इजिप्तमधून थेट भारताकडे वर्षाला सव्वाशेच्या घरात जहाजे सुटत होती. तांड्यांचा जुना मक्ता सैल झाला आणि त्याच काळात चांदी हिणकस झाली. दोन्ही गोष्टी एकाच शतकातल्या असल्या तरी एकीला दुसरीचे कारण ठरवण्याची घाई करू नये. कस उतरूनही पेट्रात बांधकामे चालू होती आणि आजच्या सौदी अरेबियातल्या हेग्रात कातळ कोरले जातच होते.

आणि या नाण्याला बाजारात मान होता, हेही तितकेच खरे. हेग्राच्या कातळकबरींवर त्याचा पुरावा कोरलेला आहे. चौथ्या अरेतसच्या नवव्या राज्यवर्षी वाइलतची मुलगी कमकम आणि तिची मुलगी कुलैबत यांनी स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी कबर कोरून घेतली. ती विकणाऱ्या, गहाण टाकणाऱ्या किंवा परक्याला देणाऱ्या माणसाला दुशरा, मनात या देवतांचा शाप तर आहेच. शिवाय हजार सेला दंड, तोही हारिथतच्या नाण्यांत. सेला हेच या चांदीच्या नाण्याचे नाव. शापाला दंडाची जोड द्यावी आणि दंड कोणत्या नाण्यात भरायचा तेही बजावून लिहावे, यातला व्यवहारीपणा तांडेवाल्यांच्या जातीला शोभणारा आहे.

दुसरा पुरावा मृत समुद्राजवळच्या एका गुहेतला. १९६०-६१ मध्ये यिगेल यादिन यांच्या पथकाला तिथे बाबथा नावाच्या यहुदी स्त्रीने पिशवीत जपून ठेवलेली पस्तीस कागदपत्रे मिळाली. त्यांतली काही राब्बेलच्या अमदानीतली, नबाती अरमाइकमध्ये लिहिलेली खरेदीखते आहेत. राब्बेलच्या अठ्ठाविसाव्या वर्षी अबी-अदन नावाच्या बाईने मृत समुद्राच्या दक्षिण टोकाजवळची खजुराची बाग एकाला ११२ सेलांना विकली. महिनाभराने बागेचे खत पुन्हा झाले, ते बाबथाच्या वडिलांच्या नावे, १६८ सेलांना. पहिला व्यवहार का फिसकटला असेल, याच्या तर्कांत न शिरताही एक गोष्ट हाती लागते. अर्ध्या चांदीच्या त्या नाण्याला काय मिळत होते, याचा पक्का दाखला. पिशवी जागच्या जागी, अभ्यासकांच्या हाती लागली म्हणून तो मिळाला. हीच पाने सुटी-सुटी करून बाजारात विकली गेली असती, तर ही दोन खते शेजारी येण्याची शक्यता नव्हती.

इसवी सन १०६ मध्ये राब्बेलचे राज्य संपले. सीरियाचा सुभेदार कॉर्नेलियस पाल्मा याने सम्राट ट्राजनसाठी हा मुलूख ताब्यात घेतला आणि रोमचा अरबस्तान प्रांत झाला. रोमने आपल्या नाण्यांवर अरबस्तान मिळवला असे लिहिले, जिंकला असे नाही. स्काउरसच्या मानाने हा संयम म्हणायचा. पण नबाती चांदीचे काय झाले? ट्राजनच्या नावाने या प्रांतासाठी द्राख्मा निघाल्या. त्यांच्या मागे कधी उंट, कधी उंटासह उभी अरबस्तानची देवता. त्यांतल्या काही राब्बेलच्या सेलांवरच नवा ठसा मारून केलेल्या आहेत. नीट पाहिले तर ट्राजनच्या चेहऱ्याखालून जुनी रेघ डोकावते. पुढे १३२ ते १३५ च्या बार कोखबाच्या उठावात यहुदी बंडखोरांनी रोमन देनारियस आणि या प्रांतातल्या द्राख्मांवर आपले ठसे मारले. राज्य बदलले की चांदी वितळवायचीही गरज नसते, हातोड्याचा एक घाव पुरतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट ओळखीची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. रोमने नबाती चांदीवर केले त्याच जातीचे काम सातवाहनांनी गोदावरीच्या खोऱ्यात केले. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला, ही गोष्ट नाशिकच्या लेण्यातल्या लेखाइतकीच या निधीने पक्की केली. ती पक्की झाली, कारण निधी एकत्र मोजला गेला. किती नाणी ठसा मारलेली आणि किती तशीच, हे प्रमाण कळले म्हणून इतिहास कळला. हीच नाणी एकेक करून सराफाच्या मुशीत किंवा फेरीवाल्याच्या थैलीत गेली असती, तर नहपानाचे एखादे सुबक नाणे एखाद्या संग्रहात आजही दिसले असते, पण युद्धाची साक्ष गेली असती.

नहपान आणि नबाती राजे यांची गाठ केवळ आमच्या कल्पनेत पडते असे नाही. इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत दोघे भेटतात. ल्यूके कोमेहून पेट्राला, नबातींचा राजा मालिकस याच्याकडे वाट जाते; त्या बंदरात येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा जकात घेणारा अधिकारी आहे, असे तो लिहितो. मग किनारा धरून पुढे गेल्यावर भडोच येते, तिथला राजा म्हणून ज्याचे नाव येते तो नहपान मानला जातो. पैठण आणि तेरहून गाड्यांनी येणारा माल, सोपारा, कल्याण, सगळे एकाच पुस्तकात. हा मालिकस म्हणजे दुसरा मालिकस. त्याचा काळ, साधारण इसवी सन ४० ते ७०, ठरतो तो शिलालेखांवरच्या आणि नाण्यांवरच्या राज्यवर्षांच्या मदतीने. त्यामुळे पेरिप्लसचा काळ पहिल्या शतकाच्या मध्यावर बसतो आणि त्याबरोबर नहपानाचा आणि कल्याण बंदराच्या त्या वर्णनाचाही. पेट्रातल्या चांदीवरचा आकडा कोकणाच्या इतिहासाला आधार देतो. दूरदेशीच्या नाण्यांशी आपल्याला काय कर्तव्य, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर पुरावे.

मग ही नाणी जमवावीत की नाहीत? खासगी संग्रह म्हणजे लूट, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. नबाती नाणी पहिल्यांदा नीट ओळखून राजांच्या नावावर लावली ती एका संग्राहकानेच. फ्रान्सच्या ड्यूक द लुईन यांनी १८५८ मध्ये या नाण्यांवर प्रबंध लिहिला आणि १८६२ मध्ये आपला सगळा संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकला. हौशी माणसाची चिकाटी, त्याने जुळवलेले ठसे, टिपलेली वजने यांच्याशिवाय हे शास्त्र उभेच राहिले नसते. संग्राहकांचा आणखी एक मुद्दा रास्त आहे. नबातींचा मुलूख आज जॉर्डन, सीरिया, इस्रायल, सौदी अरेबिया आणि इजिप्त या देशांत वाटला गेला आहे. चलन हे मुळात फिरण्यासाठीच असते. तेव्हा एखादे सुटे नाणे कोणत्या देशाचा वारसा, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

पण हाच मुद्दा उलटाही वाचता येतो. नाणे कुठले हे पाहून सांगता येत नाही, म्हणूनच ते चोरट्यांच्या सोयीचे असते. मूर्ती लपवायला ट्रक लागतो, नाण्याला खिसा पुरतो. धातुशोधक यंत्र घेऊन रात्री टेकडी उकरणाऱ्याला हवी असते फक्त चांदी. त्यासाठी तो ज्या थरांची उलथापालथ करतो, त्यात भांड्याच्या खापऱ्या, दिवे, जळके दाणे आणि काळ ठरवणारा सगळा पुरावा जातो. जॉर्डनने १९८८ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापारच बंद केला. इस्रायलमध्ये परवानाधारक विक्रेत्यांना तो करता येतो. शेजारी-शेजारी असे दोन कायदे असले की माल कुठून कुठे वाहतो, हे सांगायला नको. सीरियातल्या यादवीत पुरातन स्थळांची जी लूट झाली, तिला आळा घालण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला २०१५ मध्ये ठराव करावा लागला. युरोपीय संघाचे सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीचे नियम २०१९ मध्ये संमत झाले आणि जून २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले. पुरवठ्याच्या टोकाला बंदी आणि मागणीच्या टोकाला कागदपत्रांची सक्ती, असा हा दुहेरी फास आहे. त्यातली बंदी एकटी आजवर पुरी पडलेली नाही. खरा फरक पडेल तो खरेदीदार कागद मागू लागला तर.

आमच्या मते संग्राहकाने तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, नाण्याबरोबर त्याचा मागोवा मागावा. कोणत्या जुन्या संग्रहातून आले, कोणत्या वर्षाच्या लिलावात विकले गेले, त्या यादीत त्याचे छायाचित्र आहे काय. युनेस्कोचा सांस्कृतिक मालमत्तेविषयीचा करार १९७० चा आहे. त्याआधी एखादे नाणे उजेडात आल्याची नोंद असेल तर ती मोलाची. ‘जुना खासगी संग्रह’ एवढ्या तीन शब्दांवर समाधान मानणे म्हणजे डोळे मिटून व्यवहार करणे. दुसरी, आपल्याकडचे नाणे लपवू नये. दोन्ही बाजूंचे छायाचित्र, काट्यावरचे वजन, व्यास, ठशाची दिशा आणि खरेदीची पावती एवढे लिहून ठेवून अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावे. रेचेल बर्के यांनी २०१९ मध्ये नबाती नाण्यांचा जो बृहद्ग्रंथ काढला, तसली कामे अशा नोंदींशिवाय पुढे सरकत नाहीत. तिसरी, संग्रह सांभाळता येईनासा झाला तर तो मोडून विकण्याऐवजी संस्थेला द्यावा, निदान मोडण्यापूर्वी त्याची सचित्र यादी करावी.

ज्यांना केवळ इतिहासाचा स्पर्श हवा आहे, त्यांनी स्काउरसच्या देनारियसपासून सुरुवात करावी. ते जुन्या संग्रहांत विपुल आहे आणि त्याचे कागद मिळणे तुलनेने सोपे. चौथ्या अरेतसची काशाची नाणीही पुष्कळ मिळतात. चांदीची कमी, म्हणून त्यांच्या नकलाही बाजारात असतात. ओतीव नकलेच्या कडेवर सांधा दिसतो, अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि वजन हुबेहूब जुळत नाही. भिंगाइतकाच काटा महत्त्वाचा.

आणि आपल्या दारातली गोष्ट. शेतात नांगराला हंडी लागली, की गावात पहिला निरोप सराफाला जातो. १८७८ चा निधी कायदा सांगतो की तो जिल्हाधिकाऱ्यांना जायला हवा आणि शोधणाऱ्याचा हक्कही त्यात मान्य केलेला आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे परवानगीशिवाय देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. पण हे कायदे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगत नाही आणि कळवल्यावर मोबदला केव्हा मिळेल हेही सांगत नाही. मग त्याने मुशीचा रस्ता धरला तर दोष एकट्याचा नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून सुट्या सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना चालते. शोधणाऱ्याला चोर न ठरवता त्याच्याकडून माहिती घेण्यावर तिचा भर आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आणि संग्रहालय आहे. अशा संस्थांना जिल्हा प्रशासनाची जोड देऊन आपल्याकडेही तसे करता येण्यासारखे आहे. जोगलटेंभीने जे दिले ते पुढच्या हंडीने द्यावे असे वाटत असेल, तर ती फुटण्याआधी कोणीतरी विश्वासाचा माणूस तिथे पोहोचला पाहिजे.

पेट्रातले असो की पैठणचे, प्राचीन चांदीच्या नाण्याला आता दोन कसोट्या लावायला हव्यात. पहिली कसाची, ती सराफही लावतो. दुसरी कुळीची, ती खरेदीदारानेच लावायची आहे. विक्रेत्याकडे नाण्याचा मागोवा नसेल तर नाणे कितीही देखणे असो, भाव कितीही उतरलेला असो, पैसे परत खिशात घालावेत. चोरट्या खोदकामाला कायद्यापेक्षा मोठा धाक गिऱ्हाईक न मिळण्याचा असतो, आणि तो घालणे संग्राहकांच्याच हाती आहे.